सौंदर्य आणि चित्र: आमच्या रविवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण चित्रं काढायला बसतो. शिकवायचं काम माझ्याकडे आहे. येणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आठवडाभर हिंजवडीत स्क्रीनसमोर बसणारे आहेत, आणि शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन खाली ठेवलेला ब्रश तीस वर्षांनी पुन्हा उचलणारेही आहेत. कागद कोणता घ्यावा, ब्रश कितव्या नंबरचा, हे प्रश्न पहिल्या महिन्यात संपतात. मग एक दिवस कुणीतरी आपलं चित्र हातभर लांब धरून विचारतं, "ताई, हे बरोबर आलंय, पण सुंदर का वाटत नाही?" तिथून पुढे जे प्रश्न येतात ते इथे लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न मलाही अजून सोडत नाहीत.

सौंदर्य म्हणजे काय? एका वाक्यात सांगाल का?

एका वाक्यात नाही जमणार, पण आपल्या भाषेने अर्धं काम आधीच करून ठेवलं आहे. आपण पोराला गोंडस म्हणतो, अक्षराला वळणदार म्हणतो, नाकाला रेखीव म्हणतो, विणकामाला सुबक म्हणतो. 'देखणं' म्हणजे बघत राहावं असं. 'सुरेख' म्हणजे मुळात चांगली रेघ असलेलं. हा शब्द तर आम्हा चित्रं काढणाऱ्यांचाच. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. लहान बाळाला कुणी सुबक म्हणत नाही आणि सह्याद्रीच्या कड्याला गोंडस म्हणत नाही. वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगते की 'छान' हा शब्द महिनाभर बंद. समोरच्या चित्राला नेमका कोणता शब्द लागतो तो शोधा. शब्द शोधताना डोळा कामाला लागतो.

या सगळ्यांच्या वर 'सुंदर' बसतं. संस्कृतातल्या माघ कवीने 'शिशुपालवध' या काव्यात रैवतक पर्वताचं वर्णन करताना रमणीयतेची खूण सांगितली आहे: क्षणाक्षणाला जे नवं होतं ते रमणीय. कृष्णाने तो पर्वत आधीही पाहिलेला असतो, तरी तो पुन्हा थक्क होतो. मला आजवर याहून उपयोगी कसोटी मिळालेली नाही. जे दुसऱ्यांदा बघितल्यावर संपत नाही ते सुंदर. भिंतीवर टांगून महिना झाला तरी जे तुम्हाला चहाचा कप हातात घेऊन थांबवतं, ते.

पण सौंदर्य तर बघणाऱ्याच्या नजरेत असतं ना? मग शिकवता काय?

नजरच शिकवते.

थोडं सविस्तर सांगते. "मला कारल्याची भाजी आवडते" असं म्हणताना तुम्हालाही ती आवडावी असा माझा आग्रह नसतो. पण "हा राग सुंदर आहे" म्हटलं आणि समोरचा म्हणाला "मला नाही वाटत", तर आपण गप्प बसत नाही. "अहो, पुन्हा ऐका, त्या कोमल निषादाकडे लक्ष द्या" असं म्हणतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० साली हा फरक मांडला: आवडीनिवडीचं विधान स्वतःपुरतं असतं, सौंदर्याचं विधान मात्र दुसऱ्याची संमती मागतं. ती मिळेलच असं नाही, पण मागितली जाते. पुराव्याने कुणाला पटवता येत नाही आणि तरीही वाद घालावासा वाटतो, अशी ही जागा आहे.

वर्गात महिन्यातून एकदा सगळ्यांची चित्रं नावं झाकून दोरीला लावतो आणि प्रत्येकाने तीन निवडायची. हात दरवेळी थोडे इकडेतिकडे होतात, तरी चार-पाच चित्रांभोवती गर्दी जमते. मी सगळ्यात जास्त शिकते ती जमलेल्या गर्दीतून नव्हे. एकटाच कुणी कोपऱ्यातल्या चित्रासमोर उभा राहतो, आणि त्याने बोट दाखवून सांगितलं की आम्हा बाकीच्यांनाही ते दिसायला लागतं. जी गोष्ट बोट दाखवल्यावर दुसऱ्याला दिसते ती केवळ एकाच्या नजरेत कशी असेल?

मर्ढेकरांचं संवाद-विरोध-समतोल म्हणजे काय? चित्र काढताना त्याचा उपयोग होतो का?

होतो, रोज. बा. सी. मर्ढेकर आपल्याला कवी म्हणून माहीत असतात, पण मराठीत सौंदर्यावर त्यांच्याइतका मुळापासून विचार थोड्यांनी केला. त्यांचं म्हणणं असं की सौंदर्य सुट्या रंगात किंवा सुट्या सुरात नसतं, ते त्यांच्यातल्या नात्यांत असतं. आणि ही नाती लयीची असतात: संवादाची, विरोधाची, समतोलाची.

हे पुस्तकी वाटत असेल तर आमच्या वाड्यातल्या काकूंची रांगोळी बघा. सकाळी सहाच्या आत त्या उंबऱ्यासमोरचा चौकोन शिंपडून घेतात, ओल जरा उतरू देतात आणि ठिपके घालतात. चिमटीतून एकेक ठिपका, सारख्या अंतरावर. हा संवाद. मग रेघ सुरू होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पीठ सुटतं, आणि ती रेघ ठिपक्यांच्या सरळ शिस्तीतून वळण घेत जाते, एक ठिपका वगळते, दुसऱ्याला कवेत घेते. हा विरोध. एकदा मी विचारलं, "काकू, संपलं हे कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "कुठे बोचत नाही ना, तेवढं बघायचं." मग उकिडव्या बसल्या बसल्याच त्या मागे सरकल्या, मान कलती केली आणि डाव्या कोपऱ्यात एकच छोटी कुयरी घातली. रांगोळी जागेवर बसली. हा समतोल. दुपारपर्यंत ती पायांखाली पुसली जाते आणि त्याबद्दल त्यांना काही वाटत नाही.

चित्र अडलं की मी हेच विचारते: सगळं सारखंच बोलतंय का? मग विरोध हवा. सगळं भांडतंय का? मग कुठेतरी एक रंग पुन्हा आणा.

सुबक चित्र आणि सुंदर चित्र यांत फरक काय?

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळालं. बरीच वर्षं झाली. बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर बसून मी त्याच्या दर्शनी सज्जाचं चित्र काढत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला तो वाडा, त्याचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि ते कोरीव काम. तीन रविवार गेले. प्रत्येक पाकळी, प्रत्येक कंगोरा मोजूनमापून उतरवला. एकही रेघ चुकली नाही. सगळ्यांनी वाहवा केली आणि मी ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. दोन महिन्यांनी लक्षात आलं की मी त्याच्याकडे बघतच नाही.

तिसऱ्या रविवारी मात्र अचानक पाऊस आला होता. समोरच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहून मी वहीत वीस मिनिटांत एक स्केच केलं. पावसामुळे कोरीव काम दिसतच नव्हतं. दिसत होता तो सज्जाखालचा गडद पट्टा, त्यातून पुढे आलेले खांबांचे ओले उजळ काठ, आणि खाली छत्र्यांची धावपळ. एका जागी कागदावर थेंब पडून शाई पसरली आहे. ते पान मी अजून उघडून बघते.

फरक मला असा कळला: फ्रेममधल्या चित्रात मला जे माहीत होतं ते मी काढलं. स्केचमध्ये मला जे दिसलं ते आलं. सुबकपणा हा हाताचा गुण आहे आणि तो हवाच. हात बसलेला नसेल तर दिसलेलं कागदावर पोचतच नाही. पण सुबक चित्र बघणाऱ्याला "किती मेहनत घेतली आहे" असं म्हणायला लावतं, तर सुंदर चित्र त्याला थेट पावसात नेऊन उभं करतं.

मग चित्र काढताना 'हे सुंदर व्हायला हवं' असा विचार करायचा की नाही?

सुरुवातीला करू नका. मधे करा. शेवटी सोडून द्या.

सुरुवातीला तुम्हाला कशाने तरी खेचलेलं असतं. मंडईत शेकडो गोष्टी असतात, पण तुम्ही थांबता ते लिंबांच्या ढिगावर वरच्या झरोक्यातून पडलेल्या उन्हाच्या तिरिपीसाठी. ती ओढ हेच सौंदर्याचं पहिलं काम. त्या वेळी मनात 'सुंदर चित्र' आलं की तुम्ही लिंबं सोडून आजवर पाहिलेली दुसऱ्यांची चित्रं आठवायला लागता.

मधल्या काळात सौंदर्य कानासारखं काम करतं. मैफलीआधी तानपुरा लावताना कुणाला पाहिलं आहे? खुंटी पिळतात, तार छेडतात, पुन्हा किंचित ढिली करतात. मग तार आणि ती जिच्यावर टेकते त्या घोडीच्या मधे कापसाचा किंवा रेशमाचा बारीकसा दोरा सरकवतात, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो नाद उघडतो, सगळे स्वर झंकारायला लागतात. त्या झंकाराला जवारी म्हणतात. तो दोरा नेमका कुठे हवा हे पट्टीने मोजून सांगता येत नाही. कान "अजून नाही, अजून नाही" म्हणत राहतो आणि मग गप्प होतो. चित्रातही तसंच. एखादा निळा टोचत राहतो. का टोचतो ते सांगता येत नाही, पण तो बदलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही टोचणी म्हणजे तुमचं सौंदर्याचं भान. ते दुरुस्त्या सुचवतं. त्याचं ऐका.

आणि शेवटी सोडून द्यायचं म्हणजे काय? पंडित भीमसेन जोशींना गाताना पाहिलेले लोक या गावात अजून पुष्कळ आहेत. आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी १९५३ साली इथे सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आजही भरतो. तान घेताना त्यांचा चेहरा पिळवटायचा, हात हवेत काहीतरी ओढून आणल्यासारखे फिरायचे, सगळं शरीर त्या स्वराच्या मागे धावायचं. त्या क्षणी ते कसे दिसत होते याचा विचार त्यांच्या मनात कुठेही नव्हता. सगळं लक्ष स्वरावर. ऐकणाऱ्याला जे सौंदर्य मिळालं ते त्या लक्षातून आलं. चित्राच्या शेवटच्या टप्प्यात मला हेच हवं असतं: तुम्ही कसे दिसता, चित्र कसं दिसेल, कोण काय म्हणेल, हे सगळं गळून पडलेलं, आणि फक्त ते लिंबू.

सिंहगडावरचा सूर्योदय इतका सुंदर दिसतो, पण चित्रात उतरवला की कॅलेंडरसारखा का होतो?

हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर येतोच, आणि तो मला फार आवडतो, कारण याचं उत्तर निम्मं भौतिकशास्त्रात आहे.

पांढराशुभ्र कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० ते ९० टक्के परत पाठवतो. काळ्यातला काळा रंग सुद्धा ४-५ टक्के परत पाठवतोच. म्हणजे तुमच्याकडे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद यांत साधारण वीस पटींचा फरक आहे. गडावर समोर सूर्य आहे आणि पायाखाली झुडपांची सावली. तिथला फरक हजारो पटींचा. कागदावर सूर्य उगवूच शकत नाही. तुम्ही भडक केशरी आणि पिवळा लावून तो उगवून आणायला बघता आणि रंग ओरडायला लागतो.

शिवाय गडावर नुसते डोळे नव्हते. चढून पोटऱ्या भरून आल्या होत्या, वारा बोचत होता, कुणाच्या तरी घरून चुलीचा धूर येत होता. तो सूर्योदय अख्ख्या शरीराने पाहिला होता.

मग करायचं काय? भाषांतर. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७२ साली ल आव्र बंदरातला सूर्योदय रंगवला. त्या चित्रातला नारिंगी सूर्य भोवतालच्या राखी आकाशाहून जवळजवळ अजिबात उजळ नाही. मोबाइलवर त्या चित्राचा रंग काढून कृष्णधवल करून बघा. सूर्य जवळपास नाहीसा होतो. मोनेने उजेडाची स्पर्धा केलीच नाही. त्याने एक गरम रंग तितक्याच उजळ पण थंड रंगाच्या शेजारी ठेवला. आपली नजर उजेड आणि रंग वेगवेगळे हाताळते. रंग सांगतो इथे काहीतरी आहे, उजेड सांगतो काही नाही, आणि त्या गोंधळात सूर्य थरथरायला लागतो.

आमच्या एका विद्यार्थिनीने हे समजून घेतल्यावर सिंहगडाचं जे चित्र केलं त्यात सूर्य नव्हताच. खडकवासल्याच्या पाण्याची एक फिकट गुलाबी पट्टी होती आणि बाकी सगळा डोंगर करडा-निळा. ते बघताना मला वारा बोचला.

निसर्गात किंवा माणसांत जे कुरूप आहे त्याचं चित्र सुंदर होऊ शकतं का? व्हावं का?

होऊ शकतं. आपल्या परंपरेला हे फार आधीपासून ठाऊक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि त्यांत शृंगार-वीरांच्या पंगतीला बीभत्स आणि भयानकही बसले आहेत. किळस आणि भीतीसुद्धा कलेतून आल्या की त्यांचा आस्वाद घेता येतो, हे त्यात गृहीत आहे.

वर्गातली गोष्ट सांगते. एकदा स्थिरचित्रासाठी भरताची मोठी वांगी आणली होती. त्यातलं एक खिडकीत विसरलं. पुढच्या रविवारी ते सुरकुतलं होतं, जांभळ्याचा तपकिरी झाला होता, देठ वाळून एका बाजूला पिळला होता आणि खाली एक ओलसर डाग पडला होता. मी ते टाकायला निघाले, तर एक काका म्हणाले, "राहू द्या, मी काढतो." मागच्या आठवड्यात चकचकीत वांग्यावर सगळ्यांनी तीच पांढरी चमक ठेवली होती. या वांग्याला चमक नव्हती, त्यामुळे काकांना आधार नव्हता. प्रत्येक सुरकुती कुठून निघते आणि कुठे जिरते ते बघावं लागलं. दोन तास त्यांनी मान वर केली नाही. त्या वर्षीचं आमच्या वर्गातलं ते सगळ्यात सुंदर चित्र होतं असं मी आजही म्हणेन.

पण 'व्हावं का' हा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मी जपून पाय टाकते. वांगं हे वांगं आहे. माणसाचं दुःख समोर असेल तेव्हा 'किती सुंदर' असं म्हणून त्याच्यावरून हात फिरवण्याचा हक्क आपल्याला नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या कविता आल्या तेव्हा मराठी वाचकाला हाच धक्का बसला. मुंबईच्या लालबत्ती वस्तीतलं जगणं त्यांनी तिथल्याच भाषेत मांडलं, ते गोड करून दिलं नाही. पुढे दलित साहित्याच्या समीक्षकांनी स्पष्ट विचारलं की ज्या कसोट्या आनंदाभोवती बांधल्या आहेत त्या वेदनेच्या आणि नकाराच्या साहित्याला का लावायच्या? शरणकुमार लिंबाळे यांनी या साहित्याचं वेगळं सौंदर्यशास्त्र मांडलं आणि त्यात स्वातंत्र्याच्या जाणिवेला मध्यभागी ठेवलं. मला हा आक्षेप पटतो. म्हणूनच कुणी झोपडपट्टीचा फोटो समोर ठेवून "टेक्स्चर काय मस्त आहे" म्हटलं की मी थांबवते. तिथे जा, बसा, कुणाशी बोला, मग काढायचं का ते ठरवा.

सुवर्ण गुणोत्तर वापरलं तर चित्र सुंदर होतं का?

नाही. १.६१८ हा आकडा गणितात खरोखर मोठा आहे आणि सूर्यफुलाच्या बियांच्या वलयांत तो आडवाटेने भेटतो. पण तो सौंदर्याचं सूत्र आहे हे सिद्ध झालेलं नाही. फेख्नर या जर्मन संशोधकाने १८७६ साली लोकांना वेगवेगळे आयत दाखवून पसंती विचारली आणि त्याला त्या गुणोत्तराकडे कल दिसला. नंतरच्या प्रयोगांत तो कल कधी दिसला, कधी नाही. ऑनलाइन फिरणाऱ्या, प्रत्येक चित्रावर गोगलगायीसारखी वेटोळी काढलेल्या प्रतिमांवर फार विसंबू नका. वेटोळं पुरेसं जाड काढलं की कशावरही बसतं.

प्रमाणाचे नियम आपल्याकडेही होते. मूर्तिशास्त्रात चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, तो बारा अंगुळांचा, आणि त्यावरून देवतेची उंची ठरायची. ते नियम मूर्तिकाराला उभं राहायला जमीन देतात. पण पंढरपूरचा विठोबा बघा. ठेंगणा, काळाभोर, कमरेवर हात, दगडाचा दगडपणा न सोडलेला. शिल्पशास्त्राच्या परीक्षेत त्याला किती गुण मिळतील कोण जाणे. तुकोबांना मात्र तेच ध्यान सुंदर दिसलं, आणि पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा लाखो माणसं त्याच रूपाच्या ओढीने चालताना आपण डोळ्यांनी बघतो. नजरेत प्रेम असलं की प्रमाण मागे सरतं.

रोजच्या वापरातल्या वस्तूंमधलं सौंदर्य ही कला म्हणायची का?

मला हा प्रश्न कागदावर सोडवता येत नाही, म्हणून मी वर्गाला कसब्यात तांबट आळीत घेऊन जाते.

आळीत शिरायच्या आधीच ठणठण ऐकू येते. एक कारागीर जमिनीवर बसलेला. लोखंडी दांड्यावर तांब्याचं भांडं अडकवलेलं, एका हाताने ते इंचभरसुद्धा नाही इतकं फिरवायचं, दुसऱ्या हाताने हातोडा. ठोका, फिरव, ठोका, फिरव. प्रत्येक ठोक्याने एक गोल चकचकीत खळगा उमटतो, आधीच्या खळग्याला जेमतेम चिकटून. ओळ पूर्ण होऊन पुन्हा सुरुवातीला येते तेव्हा शेवटचा खळगा पहिल्याला बरोबर भेटतो. खूण केलेली नसते. याला मठारकाम म्हणतात.

आमच्यातल्या एकीने विचारलं की ही नक्षी कशासाठी? कारागीर म्हणाला, "नक्षी कसली, हे नाही केलं तर भांडं चेपेल." भट्टीत तापवलेलं तांबं मऊ पडतं. हातोड्याखाली ते पुन्हा कडक होतं. म्हणजे बंबावर, घागरीवर जी चमचमती ओळ आपण सुंदर म्हणून बघतो ती मुळात भांड्याची ताकद आहे. सौंदर्य वरून लावलेलं नाही, तो भांडं टिकवण्याचाच रस्ता आहे. मी तो दिवस विसरलेले नाही. त्यानंतर शेडिंग 'सजवण्यासाठी' करणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, ही रेघ काढली नाही तर तुमचं चित्र चेपेल का?

तिथून चालत शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात जाता येतं. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, दारं जमवली आणि संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. अडकित्त्यांच्या कपाटासमोर बसून स्केच करा. सुपारी कातरायला तरफ आणि धार एवढंच पुरे आहे. तरीही कुणीतरी ती तरफ पक्ष्याच्या मानेसारखी वळवली. त्या वळणाला कला म्हणायचं की नाही हे तुम्हीच काढता काढता ठरवा. माझं उत्तर 'हो' आहे.

आधुनिक चित्रं तर सुंदर नसतातच. मग ती कला कशी?

सौंदर्याशिवाय कला असू शकते, हे मान्य करायला हवं. १९१७ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी फ्रेंच कलाकार द्युशाँने दुकानातून आणलेलं मूत्रपात्र खोट्या सहीनिशी पाठवलं. ते मांडलं गेलं नाही, पण 'कला म्हणजे काय' हा प्रश्न त्याने कायमचा उघडा ठेवला. त्या वस्तूत सौंदर्य शोधत बसू नका, तिचं काम प्रश्न विचारण्याचं आहे.

मात्र 'आधुनिक म्हणजे कुरूप' हेही घाईचं. वासुदेव गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. त्यांच्या चित्रात ओळखीची वस्तू नसते. पाच मिनिटं शांत उभं राहिलं की आतून उजेड वर यायला लागतो. पाच मिनिटं मात्र द्यावी लागतात.

एआय काही सेकंदांत सुंदर चित्र काढून देतं. मग आपण का काढायचं?

चित्र हवं असेल तर काढू नका. बघायला शिकायचं असेल तर काढा. काकांचं ते दोन तासांचं वांगं त्यांच्याऐवजी दुसरं कुणी बघू शकलं नसतं.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. दरवेळी दोन डोंगर, मधे सूर्य, नदी आणि झोपडी काढते. काय करू?

काही करू नका, निदान तिच्या कागदावर तरी. माझ्या लहानपणी एका शिक्षकांनी माझ्या चित्रावर जाड पेन्सिलने "असं काढ" म्हणून झाड गिरवलं होतं. ती रेघ मला अजून दिसते. तिला घेऊन वेताळ टेकडीवर जा आणि विचारा, डोंगराला टोक आहे का गं? उत्तराची वाट बघा. पुढच्या चित्रात काही बदललं तरी ठीक, नाही बदललं तरी ठीक.

वर्गाला येणं जमणार नाही. पुण्यात स्वतःहून बघायला सुरुवात कुठून करू?

पाताळेश्वरापासून. जंगली महाराज रस्त्यावर, वाहतुकीपासून वीस पावलांवर, आठव्या शतकातलं लेणं आहे. अप्पा बळवंत चौकात मिळते तसली साधी वही आणि एक मऊ पेन्सिल न्या. खोडरबर घरी ठेवा.

आधी अंगणातला गोल नंदीमंडप बघा. भोवतालचा बेसाल्ट काढून टाकला आणि हा मंडप तेवढा मागे उरला. म्हणजे इथे काही बांधलेलं नाही, वगळत वगळत आणलं आहे. खांब जाडजूड, चौकोनी, अजिबात नाजूक नाहीत. मग आत जा. लेणं अर्धवट राहिलं आहे. काही जागी भिंत सपाट झालेली नाही, दगडावर छिन्नीचे तिरके घाव तसेच आहेत. सकाळचं ऊन आडवं येतं तेव्हा त्या घावांच्या कडा एकेक करून उजळतात आणि उन्हाबरोबर सरकतात. मागचे तसेच बुजतात.

एकच खांब निवडा. त्याची जिथे सावली सुरू होते तिथपासून काढायला लागा.